सीटी स्कॅन : न चिरता आतले पाहण्याची विद्या



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. आम्ही शेतकी पदविकेचे माणूस, डॉक्टर नव्हे. तेव्हा "ऊस विकास अधिकाऱ्याला सीटी स्कॅनशी काय करायचंय?" असे कोणी विचारले तर ते वावगे ठरणार नाही. पण मागच्या हंगामात एक गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत घडली, आणि तीत आमचीही चूक होती. ती आपणांस सांगणे आम्हास कर्तव्य वाटते.

जानेवारी महिना, कडाक्याची थंडी. त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची होती. आमच्या गटातील एक जुने सभासद रात्री खोडव्याला पाणी देण्यास गेले. त्यांचे नाव येथे देत नाही, आपण त्यांना तात्या म्हणू. पहाटे पाचला मुलगा चहा घेऊन गेला, तर तात्या बांधाला टेकून बसलेले, तोंड वाकडे, उजवा हात लुळा, बोलणे बोबडे. आम्ही फडावर टोळी आली की नाही हे पाहण्यास त्याच शिवारात होतो. हाक ऐकून धावलो. कोणी म्हणाले, "अंगावरून वारं गेलं." कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी तेल चोळले. पलीकडच्या तालुक्यात एका गावी वाऱ्यावर झाडपाला देतात, आधी तिकडे न्यावे असे चौघांनी ठरविले. जीप आमची होती, आणि चालवीतही आम्हीच होतो.

त्या गावी रांग होती. नंबर लागून, औषध घेऊन, शेवटी शहरातल्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "यांना शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं, आणि किती वाजता?" काकी म्हणाल्या, "रात्री दहाला जेवून गेले." त्यानंतरचे कोणालाच ठाऊक नव्हते. डोक्याचा सीटी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "रक्तस्राव दिसत नाही. गुठळी अडकल्याची लक्षणं आहेत. वेळेत आला असता तर गुठळी विरघळविण्याच्या इंजेक्शनाचा विचार करता आला असता. आता ती वेळ गेली."

दोन दिवसांनी शेजारचा बांधकरी सहज बोलून गेला की, पहाटे चार वाजता तात्या त्याच्याशी दारे धरण्यावरून चांगले बोलले होते. म्हणजे आम्ही सरळ शहर गाठले असते तर साडेसहापर्यंत पोहोचलो असतो. अडीच तासच झाले असते.

इंजेक्शनाने हात परत आलाच असता असे नाही. पण जी संधी होती ती आम्ही दवडली. आज तात्या काठी घेऊन चालतात, बोलतात. उसाच्या बिलावर पूर्वी झोकदार सही करीत, आता डाव्या हाताचा अंगठा उठवतात. शाईचा पॅड पुढे करताना आम्हास त्यांच्याकडे पाहवत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

कांडी कीड आणि मोळीचा मधला ऊस

आपल्या नेहमीच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. ऊस बाहेरून हिरवागार दिसतो. पण कांडी कीड आत शिरली आहे की लाल कूज लागली आहे, हे कांडे उभे चिरल्याशिवाय खात्रीने कळत नाही. उसाचे ठीक आहे, एक कांडे चिरून पाहिले तर नुकसान नाही. माणसाच्या डोक्याचे तसे करता येत नाही.

१८९५ साली जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले आणि शरीराच्या आतले हाड बाहेरून दिसू लागले. तथापि साधा एक्स-रे ही एक सावली असते. बांधलेल्या उसाच्या मोळीकडे समोरून पाहिले तर पुढचे चार ऊस दिसतात, मधला किडका ऊस झाकलेलाच राहतो. तसेच एक्स-रेत पुढचे-मागचे सारे एकावर एक पडते. त्यातून मेंदू मऊ आणि कवटी टणक. सावली पडते ती कवटीची, मेंदूतले काही उमगत नाही.

त्यामुळे १९७० पूर्वी डोक्यातील गाठ शोधण्यासाठी रुग्णाच्या कण्यातले पाणी काढून तेथून हवा भरीत आणि ती मेंदूच्या पोकळ्यांत चढवून फोटो घेत. रुग्णास असह्य डोकेदुखी होई. नाहीतर मानेच्या रक्तवाहिनीत रंग टोचून फोटो काढीत. एवढे करूनही गाठ नेमकी कोठे, हे अंदाजानेच ठरवावे लागे.

शेतकऱ्याच्या मुलाने लावलेला शोध

ही अडचण ज्याने सोडविली तो डॉक्टर नव्हता, हे वाचून आपणांस नवल वाटेल. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे इंग्लंडमधील एका शेतकऱ्याचे चिरंजीव. जन्म १९१९ सालचा, न्यूआर्क गावचा. लहानपण शेतावर गेले. शाळेपेक्षा मळणी यंत्र, कापणी यंत्र आणि जनरेटर यांतच त्यांचा जीव रमे. घरी बनविलेले पंख घेऊन गवताच्या गंजीवरून उड्या मारण्याचाही उद्योग त्यांनी केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात ते विमानदलात रडारचे काम शिकले आणि नंतर लंडनच्या फॅरेडे हाऊस या संस्थेतून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. पदविका म्हणजे डिप्लोमा, पदवी नव्हे. आमच्यासारख्या पदविकावाल्यांनी कॉलर ताठ करावी अशीच ही गोष्ट आहे!

त्यानंतर ते ईएमआय या कंपनीत लागले. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याच्या छापाच्या रेकॉर्डी जुन्या मंडळींना आठवत असतील. त्या छापाची इंग्लंडातील मालक कंपनी ती हीच. १९६७ साली हाउन्सफील्ड यांच्या डोक्यात विचार आला की, बंद पेटीच्या चहूबाजूंनी किरण सोडून मोजमाप घेतले, तर पेटी न उघडता आत कोठे काय आहे हे गणिताने काढता येईल.

पहिला प्रयोग अगदी साधा होता. एका बाजूस किरणांचा उगम, दुसऱ्या बाजूस मोजणारे साधन, मध्ये वस्तू. एका ओळीत १६० मोजमापे घ्यायची, मग एक अंश फिरवून पुन्हा १६०, असे १८० वेळा. म्हणजे सुमारे २८ हजार आकडे. एका चित्रासाठी मोजमाप नऊ दिवस चालले, आणि गणित करण्यास त्या काळच्या मोठ्या संगणकालाही अडीच तास लागले. खाटकाकडून जनावरांचे मेंदू आणून त्यांच्यावरही प्रयोग झाले. ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याने या कामास पैसा पुरविला.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात, डॉ. जेम्स ॲम्ब्रोज यांच्या देखरेखीखाली, एका बाईच्या डोक्याचा पहिला स्कॅन घेण्यात आला. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता. चित्रात ती गोल, स्पष्ट दिसली. शस्त्रक्रिया झाली तेव्हा चित्रात दिसली तशीच ती आत निघाली. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले आणि अमेरिकेत शिकविणारे ॲलन कॉरमॅक यांनी यामागचे गणित स्वतंत्रपणे करून १९६३ आणि १९६४ साली छापले होते. १९७९ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांस मिळून देण्यात आले.

चार तुकड्यांचे कोडे

आता हे गणित काय, ते पाहू. समजा, आपल्या शेताचे चार तुकडे आहेत, दोन वरच्या अंगाला, दोन खालच्या. प्रत्येकात किती गाड्या ऊस निघाला हे लिहून ठेवलेले नाही. पण एवढे ठाऊक आहे की वरच्या दोहोंत मिळून ८ गाड्या, खालच्या दोहोंतही ८. डाव्या बाजूच्या दोहोंत ७, उजवीकडच्या दोहोंत ९. आणि तिरक्या बाजूने वरचा उजवा व खालचा डावा मिळून ५. वरचा डावा तुकडा दोन बेरजांत येतो, ८ मध्ये आणि ७ मध्ये. ८ आणि ७ मिळून १५. त्यांतून तिरकस बेरीज ५ वजा केली की राहिले १०, म्हणजे त्या तुकड्याचे दुप्पट. तेव्हा वरचा डावा ५ गाड्या. मग वरचा उजवा ३, खालचा डावा २, खालचा उजवा ६. शेतात पाऊल न टाकता चारही तुकडे कळले.

सीटी स्कॅन हेच करतो. किरण शरीराच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघतो, तेव्हा वाटेत एकूण किती अडला याची 'बेरीज' कळते. चहूबाजूंच्या बेरजा घेतल्या की संगणक एकेक चौकट सोडवितो. पहिल्या यंत्राच्या चित्रात ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० चौकटी होत्या. आजच्या साध्या चित्रात ५१२ गुणिले ५१२, म्हणजे अडीच लाखांहून अधिक. काकडीच्या चकत्या कराव्यात तशा शरीराच्या चकत्या पडद्यावर दिसतात, मात्र सुरी न लावता. 'सीटी' म्हणजे 'कॉम्प्युटेड टोमोग्राफी'. 'टोमो' हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ चकती.

प्रत्येक चौकटीला एक आकडा मिळतो, त्यास हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, टणक हाड अधिक १००० आणि त्याहून वर. मेंदू अधिक २० ते ४०, आणि ताजे सांडलेले रक्त अधिक ५० ते ७०. ऊस पक्व झाला की नाही हे डोळ्याने पाहून वाद होतात, पण रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स पाहिले की वाद मिटतो. तसाच हा आकडा. मेंदू आणि रक्त यांतला जो फरक एक्स-रेस कधी दिसला नाही, तो येथे पांढरा डाग होऊन उठून दिसतो.

आजचे यंत्र

१९७१ साली एकेका चकतीस चार-पाच मिनिटे लागत. १९८९ च्या सुमारास यंत्र सतत फिरते ठेवून रुग्णाचा पाट पुढे सरकविण्याची 'स्पायरल' पद्धत आली. पुढे एका फेरीत ४ आणि २००४ च्या सुमारास ६४ चकत्या घेणारी यंत्रे आली. त्यामुळे आज सारी छाती एका श्वासात, काही सेकंदांत तपासून होते. धडधडत्या हृदयाच्या रक्तवाहिन्याही रंग टोचून पाहता येतात. मुतखडा कोठे अडकला, अपघातात प्लीहा फाटली का, कर्करोगाच्या गाठीवर किरणे नेमकी कोठून सोडावीत, हे सारे यावरून ठरते. २०२१ पासून किरणांचा एकेक कण मोजणारी, म्हणजे 'फोटॉन काउंटिंग' यंत्रे बाजारात आली आहेत. तीत चित्र अधिक बारीक येते आणि किरणांची मात्राही कमी ठेवता येते.

रक्तस्राव की गुठळी?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'वारं गेलं' म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडला. हे दोन प्रकारांनी होते. एक तर रक्तवाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर रक्तवाहिनी फुटून रक्त सांडते. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. तोंड तसेच वाकडे, हात तसाच लुळा. पण उपचार अगदी उलटे आहेत. गुठळीवर रक्त पातळ करणारे औषध लागते, आणि तेच औषध रक्तस्राव झालेल्यास दिले तर प्राणावर बेतते. म्हणून स्कॅन झाल्याशिवाय डॉक्टर हात लावीत नाहीत. डोक्याचा साधा सीटी स्कॅन काही मिनिटांत हा निवाडा करतो. एमआरआय हे निराळे, लोहचुंबकाचे यंत्र. त्यास वेळ अधिक लागतो, म्हणून तातडीच्या वेळी बहुधा आधी सीटी.

गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यातही जितके लवकर तितका गुण अधिक. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढण्याचाही उपाय मोठ्या रुग्णालयांत आहे. निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत करता येतो.

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजन घटते आणि साखर उतरते, हे आपणांस सांगावयास नको. गाडी खोळंबली तर आपण शेती खात्याशी हुज्जत घालता, आणि ते रास्तच आहे. पण घरचा माणूस पडला तर मात्र आपणच त्याला अर्धा दिवस खोळंबून ठेवतो. आम्हीही तेच केले.

डोक्याला मार लागल्याचेही असेच. भरल्या ट्रॉलीवरून घसरून मजूर पडतो, उठून बसतो, चहा पितो, "काय झालं नाही" म्हणतो. कवटीच्या आत मात्र रक्त हळूहळू साठत असते. दोन-चार तासांनी उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा झटके सुरू झाले, नाका-कानातून रक्त वा पाणी आले, तर ते थकव्याने झाले असे समजू नये. एका ऊसतोडणी भगिनीस मुकादमाने त्याच रात्री हलविले, स्कॅनमध्ये रक्त दिसले, शस्त्रक्रिया झाली. पुढच्या हंगामात ती बाई कोयता घेऊन पुन्हा आली.

"पैसे गेले आणि काहीच निघालं नाही"

ही तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकतो. रक्तस्राव नाही हे कळणे, हेच मोठे निघणे आहे. त्यावरच पुढचा उपचार ठरतो. दुसरे असे की, गुठळीचा परिणाम पहिल्या काही तासांत साध्या स्कॅनवर दिसेलच असे नाही. रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून रुग्णास घरी आणू नये. डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन सांगितला तर तो बिल वाढविण्यासाठीच, असेही धरून चालू नये.

मात्र उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२०-२१ मध्ये कोरोनाच्या काळात "स्कोअर किती आला?" हा प्रश्न गावोगावी झाला, आणि गरज नसताना छातीचे स्कॅन काढण्याची टूम निघाली. क्ष-किरण हे औषधासारखेच मापात हवेत. डोक्याच्या एका स्कॅनला साधारण २ मिलिसीव्हर्ट किरण लागतात. माती, हवा आणि आकाशातून जगातल्या माणसास वर्षभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. पोटाच्या स्कॅनला त्याच्या तीन-चार पट लागतात. जीव वाचवायचा असेल तेथे हा हिशेब करीत बसू नये. पण साध्या डोकेदुखीस "साहेब, एकदा स्कॅन काढूनच टाका" असा आग्रह आपण होऊन धरू नये. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत अधिक जपावे.

सभासदांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१) तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे बोबडे होणे, यांपैकी एकही गोष्ट एकाएकी झाली तर १०८ क्रमांकास फोन करावा.

२) सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेले आणि मेंदूच्या झटक्यावर उपचार करणारे जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवावे. रुग्णास सरळ तेथेच न्यावे. झाडपाला, मालिश, देवधर्म यांसाठी वाट वाकडी करू नये.

३) रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून कागदावर लिहून घ्यावी. तोडणीच्या चिठ्ठीवर तारीख लिहितो तितक्याच काळजीने लिहावी.

४) तोंडाने पाणी, चहा, औषध काही देऊ नये. घास श्वासनलिकेत जातो. ॲस्पिरिनची गोळीही घरी देऊ नये. आत रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते.

५) चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्याव्यात. रक्त पातळ करण्याची गोळी, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, औषधाची ॲलर्जी आणि गरोदरपण यांविषयी आधी सांगावे. रंग टोचून करावयाच्या स्कॅनला हे महत्त्वाचे असते.

६) रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ असावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो, त्यास भेटावे. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट फेकू नयेत. पुढच्या वेळी तुलनेस लागतात.

आमच्या गट ऑफिसात आता भिंतीवर तोडणी कार्यक्रमाशेजारीच एक कागद लावला आहे. त्यावर जवळच्या अशा रुग्णालयाचे नाव, फोन नंबर आणि जीप किती वेळात पोहोचते ते लिहिले आहे. चिटबॉयपासून मुकादमापर्यंत सर्वांना तो वाचून दाखविला आहे. इतर गटांनीही हंगाम सुरू होण्यापूर्वी तसा कागद लावावा, अशी आमची विनंती आहे. त्या कागदावरचा मजकूर आम्ही तात्यांसमोर बसून लिहिला. वाचून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "साहेब, अक्षर जरा मोठं काढा. पहाटे अंधारात दिसलं पाहिजे."

तसे ते मोठे काढले आहे.